प्रयोगशाळेत कोरोना विषाणूला रोखणारे औषध रुग्णाला का लागू पडत नाही?

४ फेब्रुवारी २०२० रोजी 'सेल रिसर्च' या नियतकालिकात एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वुहान विषाणूशास्त्र संस्था आणि तिच्या सहकारी संस्थांमधील संशोधकांनी सात औषधे घेतली, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना नव्या कोरोना विषाणूची लागण केली आणि कोणते औषध विषाणूची वाढ रोखते ते पाहिले. त्यात दोन औषधे ठळकपणे पुढे आली. रेमडेसिव्हिरने ०.७७ मायक्रोमोलर इतक्या प्रमाणात विषाणूची वाढ निम्म्यावर आणली, तर मलेरियाच्या क्लोरोक्विनने १.१३ मायक्रोमोलर इतक्या प्रमाणात. मायक्रोमोलर हे द्रावणातील औषधाच्या प्रमाणाचे एकक आहे. आकडा जितका लहान, तितके कमी औषध पुरते. म्हणजे कागदावर दोन्ही औषधे जवळपास तोडीस तोड होती.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. क्लोरोक्विनचे जवळचे भावंड असलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जगभर वापरले गेले, भारतातून निर्यात झाले, आणि मोठ्या चाचण्यांत निरुपयोगी ठरले. रेमडेसिव्हिरला ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेत कोविडवरील पहिले मान्यताप्राप्त औषध म्हणून परवानगी मिळाली, पण तेही अपेक्षेइतके प्रभावी निघाले नाही. प्रयोग तोच, पेशी त्याच, आकडे जवळचे. निकाल मात्र वेगळे. असे का होते, हे कळण्यासाठी औषधांची प्रयोगशाळेतील चाळणी, म्हणजेच स्क्रीनिंग, कशी चालते ते पाहावे लागते.

स्क्रीनिंग म्हणजे काय?

हजारो रासायनिक संयुगांमधून विषाणूला रोखू शकतील अशी मोजकी संयुगे वेगळी काढणे म्हणजे स्क्रीनिंग. या संयुगांच्या साठ्याला संशोधक 'लायब्ररी' म्हणतात. हा साठा दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात आधीच मान्यता मिळालेली किंवा माणसांवर चाचणी झालेली औषधे असतात. त्यातून काही हाती लागले तर सुरक्षिततेचे बरेच काम आधीच झालेले असते. जुन्या औषधाचा नव्या आजारासाठी वापर करण्याचा हा मार्ग साथीच्या काळात सर्वांत आकर्षक वाटतो. दुसऱ्या प्रकारात औषध म्हणून कधीच न वापरलेली लाखो संयुगे असतात. तिथून औषध घडवायला वेळ लागतो, पण ते त्या विषाणूसाठीच घडवलेले असते.

चाळणीतून वर राहिलेल्या संयुगाला 'हिट' म्हणतात. हिट म्हणजे औषध नव्हे. याच्याकडे आणखी बारकाईने पाहायला हवे, एवढाच त्याचा अर्थ.

विषाणूवर घाव कुठे घालायचा?

कोरोना विषाणूचा जीवनक्रम थोडक्यात असा. त्याच्या पृष्ठभागावरील स्पाइक प्रथिन माणसाच्या पेशीवरील एसीई-२ या प्रथिनाला चिकटते. विषाणू आत शिरतो आणि त्याचा आरएनए मोकळा होतो. सुमारे ३०,००० अक्षरांची ही आज्ञावली वाचून पेशी प्रथिनांची एक लांबलचक माळ तयार करते. ही माळ ठरलेल्या ठिकाणी कापली गेली, तरच तिच्यातून कामाची प्रथिने सुटी होतात. कापण्याचे काम विषाणूच्याच दोन कात्र्या करतात. त्यांना प्रोटीएज म्हणतात. त्यांपैकी मुख्य प्रोटीएज ही माळ ११ ठिकाणी कापतो. सुट्या झालेल्या प्रथिनांपैकी पॉलिमरेज हे आरएनएच्या प्रती काढणारे यंत्र असते. शेवटी नवे विषाणू बांधले जाऊन पेशीबाहेर पडतात.

यातील प्रत्येक पायरी हे औषधाचे संभाव्य लक्ष्य आहे. मुख्य प्रोटीएज हे त्यातले आवडते लक्ष्य, आणि त्याची कारणे दोन. एक, तो ज्या पद्धतीने जागा ओळखून कापतो, तशी पद्धत असलेला प्रोटीएज माणसाच्या शरीरात आढळलेला नाही, त्यामुळे आपल्याच प्रथिनांना इजा होण्याची शक्यता कमी. दोन, स्पाइक प्रथिन नवनव्या उपप्रकारांत झपाट्याने बदलते, तसा हा प्रोटीएज बदलत नाही. ओमिक्रॉन आल्यावर स्पाइकवर बेतलेली अनेक प्रतिपिंड औषधे निष्प्रभ झाली, पण प्रोटीएज रोखणाऱ्या गोळ्या चालत राहिल्या.

पॉलिमरेजवर घाव घालण्यात कोरोना विषाणूंची एक खास अडचण आहे. प्रती काढताना झालेली चूक शोधून खोडणारे 'मुद्रितशोधक' प्रथिन या विषाणूंकडे असते. त्यामुळे रिबाव्हिरिनसारखी जुनी औषधे, जी आरएनएत खोटे अक्षर घुसवून काम करतात, इथे फारशी चालत नाहीत. वुहानच्या प्रयोगात विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला रिबाव्हिरिन १०० मायक्रोमोलरहून अधिक लागले होते. रेमडेसिव्हिर मात्र खोटे अक्षर म्हणून जोडले गेल्यावर लगेच पकडले जात नाही. पुढची काही अक्षरे जोडली जातात आणि मग यंत्र अडखळते. तोवर मुद्रितशोधकाच्या हातून वेळ निघून गेलेली असते.

चाळणीचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग पेशींवरचा. जिवंत पेशींना खऱ्या विषाणूची लागण करायची, औषध घालायचे आणि पेशी वाचतात का ते पाहायचे. यात औषध कोणत्या पायरीवर काम करते हे आधी माहीत असण्याची गरज नसते.

दुसरा मार्ग एकट्या प्रथिनावरचा. उदाहरणार्थ, मुख्य प्रोटीएज शुद्ध स्वरूपात घेतात आणि त्याला कापायला प्रथिनाचा एक छोटा तुकडा देतात. या तुकड्याच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा घटक जोडलेला असतो. तुकडा कापला गेला की दोन्ही टोके दूर जातात आणि चमक दिसते. संयुगाने कात्री अडवली तर चमक येत नाही. इथे जिवंत विषाणू लागतच नाही, त्यामुळे काम साध्या प्रयोगशाळेतही होते.

तिसरा मार्ग प्रथिनाच्या आकारावरून जातो. शांघायमधील संशोधकांनी मुख्य प्रोटीएजची त्रिमितीय रचना साथीच्या पहिल्या काही आठवड्यांतच उलगडली आणि सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर ब्रिटनमधील डायमंड लाइट सोर्स या केंद्रात या प्रोटीएजचे स्फटिक बनवून त्यावर १,२५० छोटे रासायनिक तुकडे एकेक करून तपासले गेले. त्यांपैकी ७४ तुकडे प्रथिनाला चिकटलेले आढळले. असे तुकडे एकमेकांना जोडून मोठे, घट्ट बसणारे रेणू घडवता येतात. संगणकावर लाखो रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून पाहणे हीसुद्धा चाळणीच आहे. मात्र संगणकाने निवडलेले रेणू पुढे प्रत्यक्ष प्रयोगात तपासावेच लागतात.

प्लेटमध्ये नेमके काय घडते?

पेशींवरची चाळणी तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये चालते. तिच्यावर ९६, ३८४ किंवा १,५३६ बारीक खळगे असतात. प्रत्येक खळग्यात पेशींचा पातळ थर वाढवला जातो. मग यंत्रमानव प्रत्येक खळग्यात वेगळे संयुग थेंबाच्याही अंशाएवढे सोडतो आणि त्यानंतर विषाणू घातला जातो. दोन-तीन दिवसांनी किती पेशी जिवंत आहेत, हे रंग किंवा प्रकाशाच्या साहाय्याने मोजतात.

प्लेटमधील काही खळगे तुलनेसाठी राखलेले असतात. काहींत विषाणू नसतो, काहींत विषाणू असतो पण औषध नसते, तर काहींत आधीच सिद्ध झालेले औषध असते. 'सगळे वाचले' आणि 'सगळे मेले' या दोन टोकांतील अंतर स्पष्ट नसेल तर त्या प्लेटचे निकाल बाद ठरतात. हे अंतर मोजण्यासाठी एक ठरलेला गुणांक वापरतात आणि तो ०.५ च्या वर असेल तर चाचणी भरवशाची मानली जाते.

जिवंत कोरोना विषाणू वाढवण्यासाठी सामान्यतः जैवसुरक्षा पातळी-३ ची प्रयोगशाळा लागते. तिथे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, बाहेर जाणारी हवा गाळली जाते आणि काम करणारे संरक्षक पोशाखात असतात. भारतात मार्च २०२० मध्ये हा विषाणू वेगळा करून वाढवण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केले. देशातील पहिली पातळी-४ प्रयोगशाळाही तिथेच आहे. अशा सोयी सगळीकडे नसतात. म्हणून अनेक ठिकाणी कोरोनाचे स्पाइक प्रथिन लावलेला पण स्वतःची वाढ करू न शकणारा 'नकली विषाणू' वापरला जातो. त्यातून औषध विषाणूचा पेशीतला प्रवेश रोखते का एवढेच कळते.

दोन आकडे, आणि त्यांच्यातील अंतर

हिट मिळाल्यावर तेच संयुग वेगवेगळ्या प्रमाणात पुन्हा तपासतात. विषाणूची वाढ निम्म्यावर आणणाऱ्या प्रमाणाला 'ईसी-५०' म्हणतात. पण विषाणू कमी होण्याचे आणखी एक सोपे कारण असू शकते. औषधाने पेशीच मारल्या, तर विषाणूला वाढायला जागाच उरत नाही. म्हणून विषाणू न घालता, फक्त औषध घालूनही पेशी तपासतात. निम्म्या पेशी मारणारे प्रमाण म्हणजे 'सीसी-५०'.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की औषध किती निवडकपणे काम करते ते कळते. वुहानच्या प्रयोगात रेमडेसिव्हिरसाठी हा भागाकार १२९ हून अधिक आला, कारण १०० मायक्रोमोलरपर्यंतही पेशींना लक्षणीय इजा झाली नाही. अंतर मोठे असेल तर विषाणूला रोखायचे आणि पेशीला सांभाळायचे, या दोन्हींना वाव राहतो. फिनाइल किंवा साबणाचे पाणीही खळग्यातील विषाणू मारते, पण त्यासोबत पेशीही मरतात. समाजमाध्यमांवरील 'अमुक पदार्थ कोरोना मारतो' या दाव्यांत हा दुसरा आकडा जवळपास कधीच नसतो.

खोटे हिट कुठून येतात?

काही संयुगे चाळणीला फसवण्यात तरबेज असतात. काही पाण्यात न विरघळता गोळे करतात आणि समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात. काही स्वतःच चमकतात किंवा चमक शोषून घेतात, त्यामुळे यंत्राचे मोजमाप चुकते. काही संयुगांची कात्रीच्या गंधकयुक्त भागाशी सरसकट रासायनिक क्रिया होते. एबसेलेन आणि डायसल्फिराम ही नावे २०२० मध्ये मुख्य प्रोटीएजला रोखणारी म्हणून गाजली होती. चाचणीतील द्रावण बदलून पाहिल्यावर ती अशीच सरसकट चिकटणारी असल्याचे दुसऱ्या संशोधकांनी दाखवले.

सर्वांत मोठी फसगत २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातील एका अभ्यासाने उघड केली. कोरोनावर प्रयोगशाळेत चालणारी म्हणून जी जुनी औषधे पुढे आली होती, त्यांतील बऱ्याच औषधांची रासायनिक ठेवण सारखीच होती. एक बाजू चरबीत मिसळणारी आणि दुसरी धन विद्युतभार घेणारी. अशी औषधे पेशीच्या आतील पिशव्यांत साठतात आणि तिथल्या चरबीचा समतोल बिघडवतात. त्या गोंधळात विषाणूची वाढ थांबते. म्हणजे परिणाम खरा असतो, पण तो विषाणूवरचा नेमका घाव नसतो. माणसाच्या शरीरात तेवढा परिणाम साधायचा तर मात्रा विषारी होण्याची भीती असते.

माकडाची पेशी आणि माणसाचे फुप्फुस

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोष्ट इथे नीट कळते. वुहानच्या प्रयोगात वापरलेल्या व्हेरो पेशी आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून आल्या आहेत. जपानच्या चिबा विद्यापीठात १९६२ मध्ये त्या प्रथम वाढवल्या गेल्या आणि आजही जगभर विषाणू वाढवण्यासाठी वापरल्या जातात. 'कोव्हॅक्सिन' लशीतील विषाणूही व्हेरो पेशींतच वाढवला जातो. या पेशी विषाणूविरोधी इंटरफेरॉन तयार करत नाहीत, त्यामुळे त्यांत विषाणू जोमाने वाढतो. कामाला त्या सोयीच्या आहेत, पण त्या माणसाचे फुप्फुस नव्हेत.

व्हेरो पेशीत कोरोना विषाणू एका पिशवीत बसून आत जातो. त्या पिशवीतील आम्ल वाढले की तिथले एक विकर स्पाइक प्रथिन कापते आणि विषाणू मोकळा होतो. क्लोरोक्विन हे आम्ल कमी करते, म्हणून विषाणू पिशवीतच अडकतो. माणसाच्या श्वसनमार्गातील पेशींकडे मात्र आणखी एक दार असते. त्यांच्या पृष्ठभागावर टीएमपीआरएसएस-२ नावाचे विकर असते, जे स्पाइकला बाहेरच कापते. विषाणूला पिशवीची गरजच उरत नाही. मग पिशवीतले आम्ल कमी करून काय उपयोग? जर्मनीतील संशोधकांनी जुलै २०२० मध्ये 'नेचर' नियतकालिकात नेमके हेच दाखवले. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत क्लोरोक्विनने विषाणूला रोखले नाही. त्याच सुमारास माकडांवरील प्रयोगातही हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग दिसला नाही.

तोपर्यंत रुग्णांवरील निकालही आले होते. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत हे औषध मिळालेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. नेहमीचे उपचार मिळालेल्या ३,१५५ रुग्णांत हे प्रमाण २५ टक्के होते. म्हणजे फायदा नाहीच. भारतात मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांच्या घरातील निकटवर्तीयांना प्रतिबंधासाठी हे औषध सुचवले गेले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ते राष्ट्रीय उपचारसूचीतून वगळण्यात आले. या सगळ्यात संधिवात आणि ल्युपसच्या ज्या रुग्णांना हे औषध खरोखर रोज लागते, त्यांना ते मिळेनासे झाले होते.

व्हेरो पेशी उलट दिशेनेही फसवतात. रेमडेसिव्हिर पेशीत गेल्यावर तिथल्या विकरांनी बदलल्यानंतरच कामाचे होते, आणि व्हेरो पेशी हे काम नीट करत नाहीत. माणसाच्या श्वसनमार्गाच्या पेशींत तपासल्यावर तेच औषध कितीतरी पटींनी प्रभावी दिसले. म्हणून आता माकडाच्या पेशीत मिळालेला हिट माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत आणि श्वासनलिकेच्या अस्तराच्या नमुन्यांत पुन्हा तपासणे ही आवश्यक पायरी मानली जाते.

मात्रेचे गणित: आयव्हरमेक्टिन

एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी आयव्हरमेक्टिन या जंतांवरील औषधाचा प्रयोग प्रसिद्ध केला. पेशींमध्ये ५ मायक्रोमोलर औषध घातल्यावर ४८ तासांत विषाणूचा आरएनए सुमारे ५,००० पटींनी घटला. '४८ तासांत कोरोना खल्लास' अशा मथळ्यांनी ही बातमी जगभर फिरली.

प्रयोगात खोट नव्हती. प्रश्न होता ५ मायक्रोमोलरचा. याचा अर्थ लिटरमागे सुमारे ४.४ मिलिग्रॅम औषध. १२ मिलिग्रॅमची नेहमीची मात्रा घेतल्यावर रक्तातील सर्वोच्च पातळी लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शांत मोजावी लागते, म्हणजे साधारण शंभर पटींनी कमी. दहापट मात्रा घेतली तरी ती पातळी गाठली जात नाही. शिवाय रक्तातील बहुतेक औषध प्रथिनांना चिकटलेले असते, त्यामुळे विषाणूपर्यंत पोहोचायला मोकळे असे फारच थोडे उरते.

तरीही हे औषध धोरणापर्यंत पोहोचले. दुसऱ्या लाटेत, १० मे २०२१ रोजी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरील सर्वांना पाच दिवस रोज १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन देण्याचे जाहीर केले. चाचण्यांखेरीज कोविडसाठी हे औषध वापरू नये, या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीकडे संघटनेच्या तत्कालीन मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी लगेचच लक्ष वेधले. पुढे ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांच्या चाचणीत आयव्हरमेक्टिनमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही. हे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा औषधाची खरी हानी दुष्परिणामांपुरती नसते. 'आपण औषध घेतले आहे' या भरवशावर लस किंवा वेळेवरचे उपचार मागे पडतात.

बारा हजारांतून किती उरतात?

अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या साठ्यात सुमारे १२,००० औषधे आहेत. ती एकतर मान्यताप्राप्त आहेत किंवा माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेली. २०२० मध्ये हा सगळा साठा कोरोना विषाणूविरुद्ध तपासला गेला. त्यातून विषाणूची वाढ रोखणारी १०० संयुगे मिळाली. औषध वाढवले की परिणामही वाढतो, असे २१ संयुगांत स्पष्ट दिसले. आणि शरीरात गाठता येईल अशा प्रमाणात चालण्याची शक्यता होती फक्त १३ संयुगांची. या १३ पैकी एकही आज कोविडवरचे प्रस्थापित औषध नाही.

हा प्रयोग फसला असे म्हणता येत नाही. बारा हजारांपैकी बहुतेकांवर पुढचा वेळ आणि पैसा खर्च करायची गरज नाही, हे त्याने सांगितले. चाळणीचे निम्मे काम हेच असते.

चाळणीतून टिकलेली औषधे

आज वापरात असलेल्या मोजक्या औषधांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांची तयारी कोविडच्या खूप आधी सुरू झाली होती.

रेमडेसिव्हिरच्या कुळातील संयुगांवर गिलियड कंपनीत हेपॅटायटिस-सी आणि श्वसनमार्गाच्या एका विषाणूसाठी काम चालू होते. पुढे ते इबोलावर तपासले गेले, पण काँगोमधील चाचणीत प्रतिपिंड औषधांनी त्याला मागे टाकले. दरम्यान २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी सार्स आणि मर्स या कोरोना विषाणूंवर ते चालते, हे माणसाच्या श्वसनमार्गाच्या पेशींत आणि उंदरांत दाखवून ठेवले होते. म्हणूनच २०२० मध्ये ते लगेच हाताशी होते.

मोलनुपिराविर अमेरिकेच्या एमरी विद्यापीठात घोड्यांपासून माणसांत येऊ शकणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूसाठी शोधले गेले. अंतिम निकालांत त्याने रुग्णालयात जाण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटवला, पण लसीकरण झालेल्यांत ब्रिटनमध्ये झालेल्या २५,००० हून अधिक लोकांच्या चाचणीत तो फायदा दिसला नाही.

पॅक्सलोव्हिडमधील निर्माट्रेलव्हिरची कहाणी सर्वांत बोलकी आहे. २००३ च्या सार्स साथीच्या वेळी फायझर कंपनीने मुख्य प्रोटीएज रोखणारा एक रेणू तयार केला होता. साथ संपली आणि रेणू कपाटात गेला. २०२० मध्ये तो बाहेर काढला गेला, कारण दोन्ही विषाणूंची ही कात्री जवळपास सारखीच आहे. पण तो सलाइनवाटेच देता येत होता. गोळी म्हणून पोटातून शोषला जावा, यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा एकेक भाग बदलला. जुलै २०२० मध्ये निर्माट्रेलव्हिर प्रथम तयार झाले. यकृत ते फार लवकर नष्ट करते, म्हणून त्यासोबत एचआयव्हीच्या उपचारातील रिटोनाव्हिर जोडले गेले. रिटोनाव्हिर इथे विषाणूवर काम करत नाही, ते फक्त यकृताचा वेग कमी करते. त्याच कारणाने इतर अनेक औषधांशी त्याचा झगडा होतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते घेणे धोक्याचे ठरते.

लस न घेतलेल्या, जोखीम अधिक असलेल्या रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून तीन दिवसांत हे औषध दिले, तेव्हा ६९७ पैकी ५ जण रुग्णालयात दाखल झाले आणि कोणी दगावले नाही. दुसऱ्या गटात ६८२ पैकी ४४ जण दाखल झाले किंवा दगावले. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला आपत्कालीन परवानगी मिळाली. जपानच्या शिओनोगी कंपनीचे एन्सिट्रेलव्हिर मात्र थेट चाळणीतूनच आले. संगणकावर निवड, मग प्रयोगशाळेत तपासणी आणि त्यातून मिळालेल्या हिटमध्ये सुधारणा, या क्रमाने ते घडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला जपानमध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली.

योग्य औषध, चुकीची वेळ

प्लेटमध्ये औषध आणि विषाणू जवळपास एकाच वेळी घातले जातात. रुग्णाचे तसे नसते. कोरोनाची वाढ साधारण पहिल्या आठवड्यात जोरात असते. नंतर प्रकृती ढासळते ती बहुतांशी शरीराच्या स्वतःच्या अतिरेकी प्रतिकारामुळे. म्हणून रेमडेसिव्हिर लक्षणे सुरू झाल्यावर लवकर, तीन दिवस दिले तेव्हा जोखमीच्या रुग्णांत रुग्णालयात जाण्याचा धोका ८७ टक्क्यांनी घटला. व्हेंटिलेटरवर गेलेल्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातील शहरांत याच औषधासाठी नातेवाईक दुकानांबाहेर रांगा लावून उभे होते, काळ्या बाजारात अव्वाच्या सव्वा पैसे मोजत होते. त्यांतील अनेक रुग्णांसाठी औषधाची वेळ आधीच निघून गेली होती.

याच्या नेमके उलट उदाहरण डेक्सामेथासोनचे. हे स्वस्त, जुने स्टेरॉइड विषाणूला मारत नाही, त्यामुळे विषाणूच्या चाळणीत ते कधीच वर आले नसते. तरी 'रिकव्हरी' चाचणीत व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटवले.

'प्रयोगशाळेत सिद्ध' ही बातमी कशी वाचावी?

अशी बातमी किंवा फॉरवर्ड समोर आला की पाच प्रश्न उपयोगी पडतात.

- प्रयोग कशावर झाला? संगणकावर, एकट्या प्रथिनावर, पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर?
- पेशी कोणाच्या होत्या? माकडाच्या मूत्रपिंडाच्या की माणसाच्या श्वसनमार्गाच्या?
- किती प्रमाणात औषध लागले, आणि गोळी घेतल्यावर रक्तात तेवढे पोहोचते का?
- त्याच प्रमाणात निरोगी पेशींचे काय झाले?
- माणसांवर चाचणी झाली असेल तर तुलनेसाठी दुसरा गट होता का, आणि औषध आजाराच्या कोणत्या दिवशी दिले?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असली तरी ते संयुग फक्त 'आशादायक' ठरते. ते औषध आहे की नाही, हे पाचवा प्रश्न ठरवतो.

पुढच्या कोरोना विषाणूसाठीची चाळणी आजही चालू आहे. सार्स, मर्स, कोविड आणि वटवाघळांतील त्यांचे नातलग या सर्वांवर चालेल असे औषध साथ येण्याआधीच तयार ठेवावे, असा प्रयत्न आहे. 'कोविड मूनशॉट' या खुल्या उपक्रमात जगभरातील शास्त्रज्ञांनी प्रोटीएजसाठी रेणूंचे १८,००० हून अधिक आराखडे सुचवले, त्यांपैकी सुमारे २,४०० प्रत्यक्ष बनवले गेले आणि सगळी माहिती पेटंटशिवाय खुली ठेवली गेली. सार्सची साथ संपल्यावर कपाटात गेलेला रेणू सतरा वर्षांनी कामी आला. पुढच्या वेळी तो कपाटातून काढायला नव्हे, तर वापरायला तयार असावा, यासाठी ही खटपट आहे.